बाटलीतला फणस आणि आंबटपणाचा नियम

प्रति,
माननीय संपादक,
सादर नमस्कार.

‘कॅनिंग’ हा शब्द आम्हा कोकणवासीयांना नवा नाही. मे महिन्याच्या अखेरीस पेटीत भरण्याजोगा आंबा संपला, की उरलेला लहान, डागी किंवा वळवाच्या सरीत सापडलेला आंबा किलोच्या भावाने रसाच्या कारखान्यांना जातो. त्याला आम्ही ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणतो, आणि त्या पंधरवड्यात दोन बागायतदार एकमेकांना भेटले, तर पहिली चौकशी कॅनिंगच्या दराचीच होते. गेल्या काही वर्षांत मात्र हा शब्द कारखान्यातून आमच्या माजघरात आला आहे. टाळेबंदीच्या काळात गावी आलेली आणि इथेच राहिलेली काही तरुण कुटुंबे परड्यात भाजी लावतात, कोंबड्या पाळतात आणि घरचे अन्न काचेच्या बाटल्यांत हवाबंद करून वर्षभर पुरवण्याचे प्रयोग करतात. बंद पडत चाललेल्या घरांतून पुन्हा चुलीचा धूर दिसतो, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु या प्रयोगांत जिवावर बेतू शकेल अशी एक चूक होत आहे. ती चूक मीही केली आहे, म्हणूनच आपल्या दैनिकातून ती सर्वांसमोर मांडावी असे वाटले.

मी राजापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. घरामागे हापूसची काही कलमे, तीन फणस आणि रतांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडे आहेत. सासरी आले तेव्हापासून दर वर्षी आगोटीची बेगमी करत आले आहे. मृगाचा पाऊस लागायच्या आत घरात काय काय भरून ठेवायचे, याची यादी सासूबाईंना तोंडपाठ होती: आंबोशी, आमसुले, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आंब्याची आणि फणसाची साटे, मिरगुंड, सांडगी मिरची, मीठ लावून गोळे केलेली चिंच, मातीत घोळून ठेवलेल्या आठळ्या, खारातल्या कैऱ्या आणि खारातले गरे. यांतली प्रत्येक गोष्ट करण्याची ठरलेली रीत होती आणि त्या रीतीत कोणी मनाने बदल करत नसे. आमसुलांचेच पाहा. पिकलेल्या रतांब्यांची साले वेगळी करायची, आतल्या गराच्या रसात मीठ घालायचे, त्यात साले बुडवून उन्हात घालायची, वाळली की पुन्हा त्याच रसात बुडवायची आणि पुन्हा वाळवायची. अशी पुटे देता देता साल काळपट, लवचिक आणि इतकी आंबट-खारट होते, की वर्षानुवर्षे बरणीत राहिली तरी तिला काही होत नाही.

या सगळ्या रीतींचे मर्म मला फार उशिरा कळले. अन्न नासवणाऱ्या सूक्ष्म जिवांना वाढायला पाणी लागते. आपल्या आज्यांनी ते पाणी कधी उन्हात वाळवून काढून घेतले, तर कधी भरपूर मीठ किंवा साखर घालून त्या जिवांना मिळणार नाही अशी व्यवस्था केली, आणि जिथे पाणी राहू दिले तिथे आंबटपणा राखला. खारातल्या गऱ्यांना इतके मीठ लागते, की श्रावणात भाजी करण्याआधी ते पाण्यात भिजवून खारटपणा उतरवावा लागतो. अलीकडे रक्तदाबाच्या भीतीने मीठ निम्म्यावर आणून त्याच गऱ्यांची बरणी भरणाऱ्या घरांना माझी विनंती आहे, की गरे खायचे नसतील तर करू नका, पण मीठ कमी करून महिनोन्‌महिने ठेवू नका. खारातले मीठ चवीपुरते नसते, गऱ्यांची राखण तेच करते.

बाटलीत अन्न हवाबंद करण्याची पद्धत या सर्वांहून वेगळ्या तत्त्वावर चालते. निकोला ॲपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने ती शोधली आणि त्याबद्दल १८१० साली त्याला सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. अन्न काचेच्या बाटलीत भरून, बूच घट्ट बसवून, ती उकळत्या पाण्यात ठेवायची, अशी त्याची रीत होती. अन्न का टिकते हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हते. सूक्ष्म जिवांचे कारण पाश्चरच्या प्रयोगांनंतर स्पष्ट झाले. या पद्धतीत अन्नातले पाणी तसेच राहते, मीठही चवीपुरतेच असते. सगळी भिस्त दोनच गोष्टींवर असते: आतले जीव उष्णतेने मरावेत आणि बाहेरचे आत येऊ नयेत.

पहिल्या गोष्टीतच धोका आहे. मातीत सर्वत्र आढळणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू प्रतिकूल परिस्थितीत बीजाणूच्या रूपात टिकून राहतो, आणि हे बीजाणू उकळत्या पाण्याच्या १०० अंश सेल्सिअस तापमानाला तासभरातही खात्रीने मरत नाहीत. ते मारायला दाबाखालची वाफ आणि सुमारे १२१ अंश तापमान लागते. एरवी त्यांचा आपल्याला त्रास नसतो, कारण हवेत त्यांची वाढ होत नाही. परंतु हवाबंद बाटली, ओलसर आणि आंबट नसलेले अन्न आणि घरातली उबदार फळी एवढे मिळाले, की ते जागे होतात, वाढतात आणि ज्ञात विषांपैकी अत्यंत जहाल असे विष तयार करतात. त्या विषाला चव नाही, वास नाही. म्हणजे इतर जिवाणू उकळून मारायचे, हवा काढून टाकायची आणि मग या एकाच शत्रूला मोकळे रान करून द्यायचे, असा प्रकार नकळत होतो. त्याला रोखणारी साधी गोष्ट म्हणजे आंबटपणा. आम्लता मोजण्याच्या पीएच या मापावर ४.६ किंवा त्याहून कमी आकडा असेल, तर हा जिवाणू वाढू शकत नाही. म्हणून आंबट पदार्थांना उकळते पाणी पुरते, पण आंबट नसलेल्या पदार्थांना ते कधीही पुरत नाही.

हे ठाऊक नसताना मी काही वर्षांपूर्वी अर्धकच्च्या फणसाचे गरे हलके शिजवून, मिठाच्या पातळ पाण्यात, आठ बाटल्यांत भरले होते. बाटल्या हंड्यात तासभर उकळल्या, झाकणे घट्ट बसली, आणि आता गणपतीत ताज्यासारखी भाजी करता येईल म्हणून मी समाधानाने त्या फळीवर मांडल्या. आषाढात दोन बाटल्यांची झाकणे फुगलेली दिसली. उरलेल्या सहा अगदी स्वच्छ दिसत होत्या आणि त्या ठेवाव्यात असा माझा विचार होता. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्या भाचीने फोनवरून मला बजावले, की चाखूनसुद्धा पाहायचे नाही, उघडायच्याही नाहीत, आठही टाकायच्या. तिने त्या वेळी कारण समजावून सांगितले नसते, तर गणपतीच्या पंगतीला वीस माणसांच्या पानांत ती भाजी पडली असती. त्या बाटल्यांत विष होतेच असे मी म्हणत नाही, परंतु नव्हते हे सांगण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे नव्हता. आजही ती पंगत डोळ्यांसमोर आली की मला झोप लागत नाही.

असे आपल्याकडे होत नाही, हा समज मी अनेकांकडून ऐकते. १९९६ साली गुजरातमधल्या एका निवासी शाळेतल्या विद्यार्थ्यांना याच प्रकारच्या विषाची बाधा झाल्याची नोंद आहे, आणि ते अन्न बाटलीतले नव्हतेसुद्धा. बाटलीबंद अन्नाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेल्या अमेरिकेतही चूक घडते. एप्रिल २०१५ मध्ये ओहायो राज्यातल्या लँकेस्टर गावी चर्चमधल्या सामूहिक भोजनानंतर २९ जणांना बाधा झाली आणि एका व्यक्तीचा मृत्यू झाला. कारण होते बटाट्याचे सॅलड, आणि त्यातले बटाटे घरी बाटलीत भरून दाबाच्या वाफेऐवजी नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवलेले होते. तिथल्या कृषी खात्याने आंबट नसलेल्या पदार्थांना दाबाची वाफच वापरा, असे १९१७ पासून सांगितलेले आहे. शंभर वर्षे सांगूनही चूक घडते, तर आपल्याकडे कोणी सांगितलेलेच नाही.

मग घरी बाटल्या भरूच नयेत का? जरूर भराव्यात. आगळ आणि कोकमाचे सरबत तर इतके आंबट असते, की त्याची चिंता नाही. कैरीचे पन्हे, आवळा, लिंबू हेही त्याच गोत्रातले आहेत. हापूसच्या रसाबाबत मात्र थोडी सावधगिरी हवी, कारण आंबा जितका जास्त पिकतो तितका त्याचा आंबटपणा उतरतो आणि अति पिकलेल्या फळाचा रस ४.६ च्या सीमेजवळ जाऊ शकतो. मी एक किलो रसाला ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालते. त्याने चव किंचित बदलते, हे मान्य आहे. टोमॅटोही असाच सीमेवरचा आहे. त्यासाठी अमेरिकेतल्या शिफारशीत साधारण एक लिटरच्या बाटलीला अर्धा छोटा चमचा सायट्रिक ॲसिड सांगितलेले आहे. आपल्याकडची लिंबे कधी रसाळ आंबट, तर कधी फिकी निघतात, त्यामुळे अंदाजाने लिंबू पिळण्यापेक्षा सायट्रिक ॲसिड मोजून घालणे मला अधिक भरवशाचे वाटते. याउलट कच्चा आणि पिका फणस, केळी, पपई, मक्याचे दाणे, शेंगभाज्या, अळंबी, नारळाचे दूध, मासे, मटण यांपैकी काहीही उकळत्या पाण्याच्या भरवशावर बाटलीत घालू नये. तेलात बुडवलेली ताजी सोललेली लसूण महिनाभर फळीवर ठेवण्याची जी नवी टूम निघाली आहे, तीही याच कारणाने धोक्याची आहे, कारण तेल हवा रोखते आणि लसूण आंबट नसते.

‘आमच्याकडे कुकर आहे, त्यात दाब असतोच’, असे उत्तर यावर हमखास मिळते. कुकरच्या शिट्टीखाली तापमान १२१ अंशांच्या आसपास जाते, हे खरे आहे. परंतु घरचा लहान कुकर लवकर तापतो, लवकर निवतो, त्यातली हवा पूर्ण बाहेर गेली की नाही हे कळत नाही, आणि घट्ट भरलेल्या बाटलीच्या मध्यापर्यंत ती उष्णता किती वेळात पोचते, याची कोणी मोजणी केलेली नाही. शिट्ट्या मोजून भात शिजतो, बाटलीची खात्री देता येत नाही. आंबट पदार्थांनासुद्धा उकळण्याचा वेळ गावाच्या उंचीप्रमाणे बदलावा लागतो, कारण समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळते, तर महाबळेश्वरासारख्या उंचीवर ते चार-पाच अंश आधीच उकळू लागते. एका गावातल्या चित्रफितीत सांगितलेली वीस मिनिटे दुसऱ्या गावाला पुरतीलच असे नाही.

‘स्वयंपूर्ण’ या शब्दाबद्दलही थोडे लिहिते, कारण बाटल्यांचा हा उत्साह त्याच शब्दातून आला आहे. आमचे घर कधीच सर्वस्वी स्वयंपूर्ण नव्हते. मीठ मिठागरातून यायचे, गूळ घाटावरून यायचा, सुके मासे बाजारातून, आणि रोख पैसा मुंबईच्या मनीऑर्डरीतून. घरच्या झाडाचे घरात टिकवायचे आणि ते कसे टिकवायचे हे जाणत्या माणसाला विचारून करायचे, एवढाच त्या जगण्याचा अर्थ होता. नव्या मंडळींनी बाटलीच्या ओढीने वाळवण आणि खार सोडू नये, असे मला कळकळीने वाटते. फणसासाठी ऊन आणि मीठ हेच दोन सोबती आजही सर्वांत विश्वासाचे आहेत. फ्रीजरचा पर्याय चांगला आहे, पण ऐन श्रावणात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस जाते.

माझी विनंती दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाला आणि राज्याच्या कृषी विभागाला आहे. आंबारस, आगळ, टोमॅटो, फणस, बांबूचे कोंब अशा आपल्याच पदार्थांसाठी, आपल्याच बाटल्यांच्या मापात, किती आम्ल घालायचे, किती मिनिटे उकळायचे आणि कोणता पदार्थ घरी भरायचाच नाही, याचे प्रत्यक्ष तपासलेले कोष्टक सोप्या मराठीत एका पानावर छापून ते प्रत्येक बचतगटापर्यंत आणि ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत पोचावे. तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रांत पीएच मोजण्याच्या पट्ट्या मिळाव्यात. त्या अगदी अचूक नसल्या तरी फणस आणि कोकम यांतला फरक त्या स्पष्ट दाखवतील. प्राथमिक आरोग्य केंद्रांनीही हे ध्यानात ठेवावे, की जेवणानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकाच घरातल्या माणसांना एकदम दोन-दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळले किंवा गिळता येईना, तर घरात बाटलीबंद अन्न खाल्ले का हे विचारायला हवे आणि रुग्णाला विनाविलंब मोठ्या रुग्णालयात हलवायला हवे. या विषावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोगाचा.

आपल्या दैनिकालाही विनंती आहे, की उन्हाळी पाककृतींच्या पानावर बाटलीबंद पदार्थांची कृती छापताना त्या पदार्थाचा आंबटपणा तपासलेला आहे किंवा नाही, एवढी एक ओळ तिच्याखाली द्यावी. आता कैऱ्या धरल्या आहेत, फणसाला कुयरी (कोवळी फळे) लागली आहे, आणि दीड-दोन महिन्यांत घरोघरी हंडे चुलीवर चढतील. कोष्टक त्याआधी हाती आले तर यंदाच्याच हंगामात उपयोगी पडेल. त्यासाठी कोणाला घरगुती नमुने तपासायचे असतील, तर मी गेल्या वर्षी भरलेल्या आंबारसाच्या चार बाटल्या अजून न उघडता ठेवल्या आहेत. त्या दापोलीला नेऊन पोचवायची माझी तयारी आहे.

आपली नम्र,
एक वाचक
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी