‘नॅनो’ हळदीच्या डबीवर इशारा हवा

महोदय,

परळच्या एका औषध दुकानात आईच्या गोळ्या घ्यायला गेलो, तर दुकानदाराने ‘नॅनो हळदी’च्या कॅप्सूलची डबी पुढे केली. आई रक्त पातळ करणारी गोळी घेते. तिला आणखी कुठली औषधं चालू आहेत, हे कुणी विचारलंही नाही. डबी उलटसुलट करून पाहिली. कणांचा आकार नाही, इशारा नाही.

यामागचं विज्ञान खरं आहे. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि शोषलं गेलेलंही आतडं व यकृत झटपट निकालात काढतात. म्हणून ते मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळतात. मग रक्तात जास्त पोहोचतं. हळदीत मिरी घालण्याची आपली जुनी रीतही वाया नव्हती: १९९८ च्या एका भारतीय अभ्यासात मिरीतल्या पिपरिनमुळे माणसांत कर्क्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढलं होतं.

पण कर्क्युमिननेही रक्त थोडं पातळ होऊ शकतं; शोषण वाढलं की हा परिणामही वाढू शकतो, आणि आईसारख्यांना रक्तस्रावाची भीती असते. अन्न व औषध प्रशासनाने अशा डब्यांवर ठळक सूचना मराठीतून छापायला लावावी.

– एक वाचक, लालबाग, मुंबई