यकृतात पसरलेली प्रत्येक गाठ असाध्य नसते

महोदय,
आपल्या आरोग्य पुरवणीतील स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील लेख वाचला. गाठ यकृतात पसरली की शस्त्रक्रियेला अर्थ उरत नाही, हे त्यातील विधान नेहमीच्या ॲडेनोकार्सिनोमाबाबत (स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) बहुतांशी खरे असले, तरी स्वादुपिंडाच्या सरसकट सर्व गाठींना ते लावणे चूक आहे.

व्हर्जिनिया फ्रान्ट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १९५९ मध्ये वर्णन केलेली स्वादुपिंडाची ‘सॉलिड स्यूडोपॅपिलरी’ गाठ प्रामुख्याने विशी-तिशीतील स्त्रियांमध्ये आढळते. जाड कवच, आत साकळलेले रक्त आणि पाण्याच्या पोकळ्या असे तिचे रूप असते. सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत ती पसरते, तीही बहुधा यकृतात. मात्र तिची वाढ इतकी संथ असते की मूळ गाठ आणि यकृतातील गाठी पूर्णपणे काढता आल्यास रुग्ण अनेक वर्षे चांगले जगल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. केमोथेरपीचा उपयोग येथे अद्याप नीटसा सिद्ध झालेला नाही, म्हणून शस्त्रक्रियेलाच महत्त्व.

माझ्या भाचीच्या सीटी स्कॅनवर यकृतातील दोन ठिपके दिसताच एका रुग्णालयाने ‘आता घरी न्या’ असे सुचवले होते. दुसऱ्या रुग्णालयात बायोप्सीच्या काचा पुन्हा तपासल्या, ही गाठ ओळखायला मदत करणाऱ्या बीटा-कॅटेनिन या प्रथिनाची चाचणी झाली आणि निदानच बदलले: ती सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठ निघाली. शस्त्रक्रियेला आता सहा वर्षे झाली. पुढील लेखात निदानातील हा फरक स्पष्ट करावा, ही विनंती.

— एक वाचक, पुणे