‘आराम करा’ म्हणणाऱ्यांना रात्री वॉर्डात झोपवा

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला, एका डॉक्टरबाईंनी लिहिलेला झोपेवरचा लेख वाचला. माहितीबद्दल वाद नाही. पहिल्या दोन-तीन तासांतली झोप सर्वांत गाढ, तेव्हाच वाढीचे संप्रेरक सर्वाधिक पाझरते, स्नायूंची डागडुजी होते. झोप अपुरी पडली की जखम भरायला वेळ लागतो, दुखणेही जास्त जाणवते. सगळे खरे. फक्त डॉक्टरबाईंनी हे रुग्णाला सांगितले आहे. रुग्ण बिचारा झोपायलाच बसलेला असतो हो!

गेल्या पावसाळ्यात आमच्या सौ. बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचे हाड मोडले. ठाण्यातल्या एका नावाजलेल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, उत्तम झाली. राउंडला येणारे डॉक्टर रोज म्हणत, ‘आजी, आता फक्त आराम.’ तो आराम असा: दहाला दिवे मालवायचे, बाराला उठवून ताप बघायचा. मधेच सलाइनचे यंत्र कोकलू लागे आणि कुणी येऊन बंद करेपर्यंत कोकलत राही. पहाटे साडेचारला वॉर्डातले सगळे दिवे लावून रक्त काढायचे, कारण नऊला मोठे डॉक्टर येणार, रिपोर्ट तयार हवेत. पाठोपाठ स्पंजिंग. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा भाचा मध्यरात्रीपर्यंत मोबाइलवर रील्स बघे, आवाजासकट. सिस्टरना बोल लावत नाही, अख्ख्या मजल्याला त्या दोघीच.

एका रात्री सौ. उठून बसल्या. ‘नळ जाईल, पिंप भरायचं राहिलंय,’ म्हणत सलाइनची सुई उपटायला निघाल्या. मला माझ्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली. भाऊ जाऊन कैक वर्षे झाली. त्या बाकड्यावर बसून मी काय काय मनात आणले, ते इथे लिहीत नाही. म्हातारपणी शस्त्रक्रियेनंतर असा भ्रम होतो, झोपमोड त्यात भर घालते, असे सकाळी डॉक्टरांनीच सांगितले. मग रक्त सहानंतर काढता येणार नाही का, विचारले. उत्तर आले, ‘काका, झोपेची गोळी लिहून देतो.’ काही झोपेच्या गोळ्यांनी वयस्कर माणसाचा भ्रम उलट वाढतो, हे परिचारिका असलेल्या पुतणीने फोनवर सांगितले म्हणून बरे. झोपलेल्या रुग्णाला उठवू नये, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ मध्ये लिहून ठेवले आहे. ते ठाण्यात पोचायला वेळ लागणारच, घोडबंदर रोडला ट्रॅफिक असते.

त्या रोडवरच आमची सोसायटी. सौ.ना घरी आणले, तर खिडकीखाली रात्री अकराला काँक्रीट फोडायचे यंत्र सुरू. ते थांबले की ट्रेलर. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, रुग्णालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ४०. निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायलाही मनाई. त्या रुग्णालयाच्या फाटकावर ‘शांतता क्षेत्र’ अशी पाटी आहे. तिच्याखालीच रिक्षास्टँड आहे आणि रिक्षावाले एकमेकांना हॉर्ननेच हाक मारतात. यंत्राबद्दल फोनवर तक्रार केली, तर ‘परवानगी आहे’ एवढे सांगून फोन ठेवला. परवानगी कुणाची, ते विचारायला पुन्हा फोन केला, तो कुणी उचललाच नाही. बहुधा झोपले असावेत.

ता. क. लेखाखाली अर्धे पान गाद्यांची जाहिरात होती. गादी आमच्याकडे आहे. आणि त्या जाहिरातीपायी काल वाचकांच्या पत्रांना जेमतेम दोन बोटे जागा उरली, म्हणजे हेही पत्र कापूनच छापाल. कापायचे तर घोडबंदरचे कापा, पहाटे साडेचारच्या रक्ताचे राहू द्या.

– एक सेवानिवृत्त वाचक, मानपाडा, ठाणे (प.)