पुलाच्या चढाबद्दल बाळ्यास पत्र

सोलापूर,
रविवार, रात्र

काय बे बाळ्या,

महिनाभर उत्तर दिलं नाही, शिव्या घालून घे एकदा. परगावचं काम आलंय: नदीकाठच्या बागेतून पलीकडे जाणारा पूल, फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना. तळ्याच्या गावच्या माणसाला नदीवरचा पूल कुणी दिला, म्हणशीलच.

भाराचं सोपं आहे. गर्दीच्या जागी चौरस मीटरला 500 किलो धरायचे. सिद्धेश्वराच्या यात्रेतली गड्ड्याची गर्दी आठवली की पटतं. भीती हलण्याची. लंडनचा मिलेनियम पूल 2000 साली उघडला नि दोन दिवसांत बंद केला. मोडला नव्हता, आडवा डुलत होता. आपला नंदीध्वज पेलणारा काठी झुकेल तिकडे पाय टाकतो ना, तसं तिथे शेकडो जणांनी एकदमच केलं, आणि त्या पावलांनी पूल आणखी डुलायला लागला. शेवटी धक्के जिरवणारी यंत्रं बसवून 2002 साली परत उघडला. ते गणित मी आधीच करून ठेवलंय.

भांडण चाललंय ते चढावरून. पुराच्या पाण्यामुळे पूल बागेच्या वाटेपासून 4 मीटर वर. व्हीलचेअरला 12 ला 1 चा उतार चालतो, म्हणजे 48 मीटर, वर मधले सपाट टप्पे. सायकलसाठी मी 20 ला 1 धरलाय, म्हणजे 80 मीटर. तेही दोन्ही काठांना! बैठकीत एक साहेब म्हणाले, "सायकलवाले काय, उतरून ढकलतील."

मला आमचे अण्णा दिसले. रात्रपाळी करून मिलमधून यायचे, हँडलला रिकामा डबा. रेल्वेच्या पुलाशी आले की उतरायचेच. म्हणायचे, "इथं सायकल माणसावर बसते." साहेबांपुढे हे कसं बोलणार? मी आपला खर्चाचा तक्ता उलटत बसलो.

सरळ 80 मीटर नेला तर करंजाची रांग जाते. म्हणून झाडांना वळसा घातलाय, तोही ऐसपैस, उतरताना ब्रेक दाबावा लागू नये असा. कठड्याच्या वरच्या पट्टीला लाकूड मागितलंय. आपल्याकडच्या मे महिन्यात लोखंडाला हात लावून बघ, मग बोल. ते बहुतेक कापतील.

परवा पहाटे अण्णांची सायकल हवा भरून काढली आणि त्याच पुलावर घातली. अर्ध्यात दम संपला बे. उतरलो, ढकलत वर गेलो. मागून दुधवाला किटल्यांसकट पॅडल मारत पुढे निघून गेला. आता हे बैठकीत सांगू की नको, तेवढं कळव.

गड्ड्याला येतोयस ना? वहिनींना नमस्कार.

तुझाच,
पक्या