मामा, तुम्ही पाठ फिरवलीत म्हणून

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर "कशाला उगाच" म्हणत तुम्ही चार दिवस माझा फोन उचलला नसता. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि तुम्हाला तर पहिल्या ओळीतच कळलं असेल.

गेल्या गुरुवारी तो पंप चालू झाला. आपला तोच, गरम पाण्याचा. मोटर रिवाइंडिंगला गेली होती, ती परत येऊन बसली, आणि या खेपेला अलाइनमेंट, म्हणजे मोटरचा आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत जुळवणं, मी एकट्याने केलं. बटण दाबलं, मोटरने वेग घेतला आणि मी बेअरिंग हाउसिंगवर तळवा ठेवून उभा राहिलो. हाताला थरथर म्हणून लागेना. क्षणभर वाटलं, पंप चालूच झाला नाही की काय. प्रेशर गेजकडे पाहिलं तर काटा आपल्या जागी. दोन तासांनी पाणी तापल्यावर परत हात लावला, शिफ्ट सुटताना परत. तेव्हाच ठरवलं की हे आधी तुम्हाला सांगायचं. पण फोनवर मला ते धड सांगता आलं नसतं, मध्येच घसा दाटला असता आणि तुम्ही फोन ठेवून दिला असता. म्हणून हे पत्र.

तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट आधी सांगतो. यंत्रं बसवणाऱ्या इरेक्शन गँगमध्ये यायच्या आधी मी नऊ वर्षं स्टोअरच्या खिडकीच्या आतल्या बाजूला होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. सगळे मला 'स्टोअरवाला'च म्हणायचे, अजून म्हणतात. पण त्या नऊ वर्षांत या एका पंपाच्या मोटरसाठी ६३१२ नंबरचं बेअरिंग मी अकरा वेळा दिलंय. माझ्याच अक्षरात रजिस्टरमध्ये आहे. दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे रबर तर मोजलेसुद्धा नाहीत. कारणाच्या रकान्यात दर वेळी एकच शब्द: 'खराब'. कोणी म्हणे माल डुप्लिकेट, कोणी म्हणे ग्रीस बरोबर नाही. एकदा एक साहेब खिडकीत वाकून मलाच विचारून गेले, कुठून आणतोस रे हे बेअरिंग? साठ मिलिमीटर बोअरचं, तळहातावर ठेवलं तर हात खाली जाईल असं दणकट बेअरिंग. ते दहा-दहा महिन्यांत का मरतं, हा प्रश्न बेअरिंग सोडून कोणालाच पडला नव्हता. मलाही नाही. मी सही घेत होतो आणि देत होतो.

वयाच्या चौतिसाव्या वर्षी पाना हातात घेतला. शिकवायला तिघे होते, आणि त्या तिघांबद्दल थोडं लिहिल्याशिवाय माझं मन हलकं व्हायचं नाही. नावं घेत नाही, तेवढी माया आहे.

पहिल्याने झेरॉक्सचा गठ्ठा दिला आणि म्हणाला, पाठ कर. मी पाठ केलं. अजून पाठ आहे. शाफ्ट समोर आला की त्यातलं एक अक्षर आठवत नसे, हा भाग वेगळा. दुसरा कामाचा होता, हातात जादू होती, पण माझ्या हातातला पाना तो तिसऱ्या आट्याला काढून घ्यायचा. "हो बाजूला, तुला नाही जमायचं." तीन महिने मी बाजूला होत राहिलो. एवढा बाजूला की एकदा एका सुरक्षा अधिकाऱ्याने मला पाहुणा समजून हेल्मेट आणून दिलं. तिसऱ्याचा सगळा भरवसा पट्टीवर. कपलिंगवर पट्टी ठेवायची, खालून उजेड दिसला नाही की झालं अलाइनमेंट, लाव बोल्ट. कपलिंगचा बाहेरचा घेर आणि आतला शाफ्ट एका केंद्रावर असतीलच असं नाही, आणि पट्टी फक्त बाहेरचं जुळवते, हे त्याला कोणी सांगितलं नसेल. किंवा सांगितलं असेल आणि पाच मिनिटांत होणारं काम त्याला सोडवत नसेल. माझ्या रजिस्टरातल्या अकरा नोंदींपैकी निम्म्या तरी त्या पट्टीच्या.

आणि मग तो दिवस.

डायल, म्हणजे केसाएवढा फरक काट्यावर दाखवणारं माप, मी पहिल्यांदाच एकटा लावला होता. कपलिंगचा घेर घड्याळाची तबकडी समजायचा: वर बाराच्या जागी शून्य केलं, दोन्ही शाफ्ट बरोबर फिरवले, खाली सहाच्या जागी काटा उणे छत्तीसवर. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणून मी मोटरच्या चारही पायांखाली ०.३६ मिलिमीटरच्या शिम, म्हणजे उंची जुळवायचे पातळ पत्रे, टाकल्या, बोल्ट कसले, परत फिरवलं. काटा पुन्हा छत्तीस, फक्त दुसऱ्या बाजूला. शिम काढल्या. उणे छत्तीस. घातल्या. अधिक छत्तीस. पंप चालू व्हायची वाट बघणारे आठ-दहा जण भोवती जमले होते. कोणीतरी म्हणालं, मोटरचा आणि पंपाचा छत्तीसचा आकडा आहे. सगळे हसले. दुसरा म्हणाला, स्टोअरवाल्याला शिम मोजायलाच ठेवा, वापरायला नको. त्यावर जास्त हसले. माझ्या हाताला असा घाम की डायलची मॅग्नेटची बैठक धरवेना.

तुम्ही आमच्या गँगचे नव्हता. पलीकडच्या काँप्रेसरवरून तुम्ही आलात, हात पुसत. डायलकडे पाहिलंत. माझ्याकडे पाहिलंत, अगदी एकदाच. मला वाटलं आता हा माणूस पाना काढून घेणार. मी तो पुढेही केला होता, सवयीने.

तुम्ही तो घेतला नाहीत. माझ्या आणि त्या लोकांच्या मध्ये येऊन उभे राहिलात, तोंड त्यांच्याकडे, पाठ माझ्याकडे. आणि मोठ्या आवाजात विचारलंत, "दोन टनी चेन ब्लॉक कोणी नेला रे माझा?"

वजन उचलायचा तो चेन ब्लॉक तुमच्याच काँप्रेसरवर लटकत होता, मामा. मला बसल्या जागेवरून दिसत होता.

पंधरा मिनिटं तुम्ही तो चेन ब्लॉक शोधायला लावलात. एकाला इकडे पाठवलंत, एकाला तिकडे, उरलेल्यांशी वाद घातलात. तुमची ती पाठ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. खाकी शर्ट, खांद्याच्या शिवणीजवळ ग्रीसचा डाग, मागच्या खिशातून लोंबणारा वेस्टचा पुंजका. त्या पाठीमागे मी एकटा होतो. हसायला कोणी नव्हतं, आणि तुम्हीही बघत नव्हता, हे जास्त महत्त्वाचं. बघत असता तर मी तुमच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत बसलो असतो.

मी शाफ्ट सावकाश फिरवला. इतका सावकाश पहिल्यांदाच. बाराला शून्य. तीनला अठरा. सहाला छत्तीस. नऊला परत अठरा. बाराला शून्य. तीन आणि नऊ या जागांकडे तोवर मी पाहिलंच नव्हतं, नुसता वरून खाली उडी मारत होतो. आणि तिथे बसल्या बसल्या कळलं की काटा घेराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं मोजतोय, आणि शाफ्टचं केंद्र त्याच्या मध्यावर आहे. फरक छत्तीसचा नाही, अठराचा. झेरॉक्सच्या गठ्ठ्यात हे असणारच, 'निम्मे करा' असं. पाठही असेल. पण ते त्या मिनिटाला माझं झालं.

दहा रेघांची एक आणि पाच रेघांची एक शिम टाकली. काटा उणे सहावर आला, म्हणजे खरा फरक तीन रेघांचा. माझ्या तोंडून बहुतेक काहीतरी आवाज निघाला, कारण त्याच क्षणी तुम्ही म्हणालात, "अरे, सापडला की चेन ब्लॉक," आणि निघून गेलात. शाब्बास नाही, काही नाही.

आपल्याकडे 'पाठ फिरवली' म्हटलं की साथ सोडली असा अर्थ होतो. मला आता तो शब्द त्या अर्थाने वापरताच येत नाही. कोणी म्हणालं, त्याने ऐन वेळी पाठ फिरवली, की मला तो ग्रीसचा डाग आठवतो.

खरी गंमत मला दुसऱ्या दिवशी कळली. सकाळी तुम्ही आलात, मोटरच्या स्विचला कुलूप लावून किल्ली माझ्या खिशात टाकलीत आणि म्हणालात, आता सगळं सोड. काल जुळवलेलं? हो, सगळं. मग माझं बोट धरून मोटरच्या पायावर ठेवलंत, अर्धं पायावर आणि अर्धं बेस प्लेटवर, आणि दुसऱ्या हाताने तोच एक बोल्ट ढिला केलात. बोटाखाली पाय उचलला गेला. जिवंत जनावराने अंग हलवावं तसा. डायल लावून पाहिलं तर बावीस रेघा, जिथे पाचाच्या वर गेलं की काळजी करायची असते. पायाखालून काय निघालं ते आठवतंय ना? सात शिमांची गंजलेली चळत, एकीचा कोपरा दुमडलेला, आणि सगळ्यांत खाली तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा, वरच्या रंगासकट. स्टोअरमध्ये स्टेनलेसच्या शिमांची पाकिटं धूळ खात पडली होती, मीच लावून ठेवलेली, आणि इथे डब्याचा पत्रा. नऊ वर्षं दर वेळी बोल्ट कसला की मोटरचं अंग पिळलं जात होतं आणि बेअरिंग ते निमूटपणे सोसत होतं.

पाय आधी, अलाइनमेंट नंतर, हे तुम्हाला आदल्या दिवशीही माहीत होतं. माझं जुळवलेलं सकाळी सोडावं लागणार, हेही. तरी तुम्ही मला ते जुळवू दिलंत आणि रात्रभर त्या आनंदात राहू दिलंत. हे मला उमगायला फार दिवस लागले.

बाकीचं किती काय. पंपात पाणी आणणाऱ्या सक्शन पाइपच्या जोडाचे, फ्लँजचे, बोल्ट काढायला लावलेत तेव्हा पाइप जो खटकन बाजूला उडाला, त्यानंतर मी पाइपला पंपावर ओढून बसवणाऱ्यांशी भांडतो. आणि तापलेल्या पंपाचं. लोखंड एका मीटरला, एका अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. पाव मीटर उंचीचा पंप पन्नास अंशांनी तापला तर १५० मायक्रॉन, म्हणजे डायलच्या पंधरा रेघा, वर येतो, मोटर तेवढी तापत नाही, म्हणून थंड असताना मोटर मुद्दाम थोडी उंच ठेवायची. तुम्ही मात्र एवढंच म्हणाला होता, "ताप आला की माणूस उठून बसतो, पंपपण उठतो." गुरुवारी डायलवर शून्य न आणता मी थांबलो तेव्हा शेजारचा हेल्पर माझ्याकडे संशयाने बघत होता. त्याला तुमचं हेच वाक्य ऐकवलं.

हाताला कसब असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. खिडकीच्या आतून सगळी दिसतात: कोण वापरलेलं हत्यार पुसून परत करतो, कोण हेल्परच्या नावावर आटे पाडायचा तुटका टॅप टाकतो, कोण नव्या पोराला आपल्यासमोर सही करायला लावतो आणि त्याचं शुद्धलेखन बघून हसतो. तुम्ही डायल परत करताना काच शर्टाच्या आतल्या बाजूने पुसायचात, बाहेरची बाजू मळलेली असते म्हणून. हे मी स्टोअरमध्ये असतानाच पाहिलं होतं. तेव्हा वाटलं, माणूस हत्याराला जपतो. माणसांनाही त्याच हाताने जपतो, हे कळायला मला खिडकीबाहेर यावं लागलं. गोड बोलणारे त्या वेळी भरपूर होते हो. "काही लागलं तर सांग" म्हणणारे तर त्या आठ-दहांतलेच चार होते, आणि ते पहिल्या रांगेत उभे राहून हसत होते.

तुम्ही गेलात ते काँट्रॅक्ट संपल्यावर एका संध्याकाळी, कोणाला न सांगता. मी दुसऱ्या दिवशी काँप्रेसरजवळ गेलो तर चेन ब्लॉक जमा झालेला. जमा केल्याची सही तुमची. ती मी बघत उभा राहिलो, आणखी काय करणार.

शनिवारी एका ब्लोअरवर नवं पोरगं दिलंय माझ्याकडे. आता अलाइनमेंटला लेझर आलाय, तो निम्मे वगैरे स्वतःच करतो, पडद्यावर हिरवं दाखवतो. पायाखालचा डब्याचा पत्रा काही तो काढून देत नाही. म्हणून मी त्याला म्हटलं, आधी डायल लाव. पोरगं अडकलं. तीन-चार जण जमले. मी उठलो, मध्ये जाऊन उभा राहिलो, त्याच्याकडे पाठ केली आणि लोकांना विचारलं, टॉर्क रेंच कोणी नेला?

पण खरं सांगतो मामा, मला राहवलं नाही. पंधरा मिनिटांत मी दोनदा मान वळवून डायलकडे पाहिलं. तुम्ही एकदाही कसं पाहिलं नाहीत?

तुमचा,
स्टोअरवाला