पंखा बंद करणाऱ्या समुपदेशक मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातील त्या दुपारी सोलापूर नेहमीसारखे तापले होते आणि आपल्या लहानशा खोलीत छताचा जुना पंखा खडखडत होता. मी खुर्चीच्या कडेवर बसून काहीतरी पुटपुटत होतो. आपण मला मोठ्याने बोलायला सांगितले नाहीत. आपण उठलात, पंखा बंद केलात आणि परत येऊन म्हणालात, "आता सांगा, मला ऐकू येईल." पुढचा पाऊण तास आपण कपाळावरचा घाम टिपत ऐकत राहिलात. हे पत्र लिहिण्याचे खरे कारण एवढेच आहे.

पूर्व भागात यंत्रमागांच्या आवाजात जो लहानाचा मोठा झाला, त्याला या कृतीचे मोल सांगावे लागत नाही. आमच्या घरात आणि कारखान्यात एकाच भिंतीचे अंतर होते. बोलायचे ते ओरडून, नाहीतर हाताच्या खुणांनी. हळू आवाजात सांगण्याजोगे जे असते, ते अशा घरात राहूनच जाते. वडील गेले, पुढे दोन वर्षांत मी त्यांचे माग भंगारात विकले, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली व घरातला माझा आवाज चढत गेला.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी एका डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी मान वर न करता दोन मिनिटांत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांबद्दल माझा आक्षेप नाही. अनेकांना औषधाची खरोखर गरज असते, हे आपणच मला समजावलेत. मात्र 'काय झाले?' एवढेही त्यांनी विचारले नाही, याचे दुःख अजून ओसरलेले नाही. नातेवाईक 'मन घट्ट कर' म्हणत राहिले. मन घट्ट करूनच मी त्या अवस्थेला पोहोचलो होतो.

आपण मला उपदेश केला नाहीत, एक वही करायला सांगितलीत. काय घडले, त्या क्षणी मनात कोणते वाक्य आले आणि अंगात काय जाणवले, एवढेच तिच्यात लिहायचे होते. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली समजूत उभी असते, हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा आहे, हे आपण नंतर सांगितलेत. मला तो आधी माझ्याच अक्षरात दिसला होता. मुलगा शिकवणीहून उशिरा आला की माझे दात आवळले जात, मनात 'माझे कोणी ऐकत नाही' हे वाक्य उमटे आणि मग मी ओरडे. दर दोन पानांआड तेच वाक्य होते. हे वाक्य प्रथम कोणाच्या तोंडून ऐकले, असे आपण विचारलेत आणि मी बराच वेळ गप्प राहिलो, तरी आपण ती शांतता मोडली नाहीत. ते वडिलांचे वाक्य होते. माग विकू नकोस, असे ते शेवटच्या आजारपणात सांगत होते आणि मी विषय बदलत होतो. ज्याला मी चार वर्षे राग म्हणत आलो, तो अपराधीपणा होता. त्याला त्याच्या नावाने ओळखल्यावर तो नाहीसा झाला नाही, पण मुलाच्या अंगावर जाणे थांबला. आता दात आवळले गेले की मला ते कळते, आणि ओरडण्यापूर्वी तेवढी उसंत मिळते.

आपला पंखा बंद झाला तेव्हा मला वडिलांचीच एक रीत आठवली होती. एखाद्या कामगाराच्या घरून मरणाची बातमी घेऊन कोणी आले, तर ते आधी सगळे माग थांबवत आणि मगच ती त्याला सांगू देत. तेवढ्या वेळाचे कापड बुडे, पण त्याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही. माणसाचे दुःख त्याला शांततेत ऐकता आणि सांगता यावे, हा सभ्यपणा शिकलेल्या माणसांत मला क्वचित भेटला. आपल्यात तो भेटला.

त्या दुपारी मी आभार न मानताच जिना उतरलो होतो. ते आज मानतो.

आपला कृतज्ञ,
पूर्व भागातील एक माजी यंत्रमागधारक, सोलापूर