ऑडिशनला पैसे कशाला?

महोदय,

माझ्या भाच्याला गेल्या महिन्यात एका 'कास्टिंग'वाल्याने मालिकेत रोल देतो म्हणून नोंदणी आणि फोटोशूटचे मिळून आठ हजार रुपये घेतले. नंतर फोन बंद. पोरगं गुणी आहे, पण घाई नडली.

खऱ्या ऑडिशनला पैसे लागत नाहीत, एवढं तरी आपल्या पोरांनी पक्कं ध्यानात ठेवावं. सुरुवातीला महागडा पोर्टफोलिओ, म्हणजे फोटोंचा संचही लागत नाही. खिडकीच्या उजेडात काढलेले दोन-तीन साधे फोटो पुरतात, एक चेहऱ्याचा, एक पूर्ण उंचीचा. मोबाईल आडवा धरून नाव, वय, उंची, गाव आणि येणाऱ्या भाषा सांगणारा मिनिटभराचा व्हिडिओ करावा. उंची खरी सांगावी! सेटवर टेप असतेच.

'प्रभात' फिल्म कंपनी इथंच १९२९ साली सुरू झाली, चित्रीकरणाची चित्रनगरी इथल्या मोरेवाडीला आहे, म्हणून कोल्हापुरात राहून आपोआप काम मिळतं असं नाही. त्यापेक्षा राज्य नाट्य स्पर्धेच्या एखाद्या संघात शिरावं. पहिल्या वर्षी पडदा ओढायचं काम मिळालं तरी चालेल. तालमीत आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा न्यायचा ते कळतं, चुकल्यावर चारचौघांत बोलणी खायची सवयही होते. आपली रांगडी बोली सोडू नये, पण प्रमाण मराठीही जिभेवर असावी. दोन्ही येणाऱ्याला जास्त भूमिका मिळतात.

आणि मुंबईला जायचंच असेल तर सहा महिन्यांच्या खोलीभाड्याची सोय आधी करावी. भाचा सध्या तेच पैसे साठवतोय.

— एक नाट्यवेडा मामा, शिवाजी पेठ, कोल्हापूर